लेकीकडे जर्मनीत गेलात? मग सकाळच्या गाडीनं एक गाव बघून या

बत्तीस वर्षं मी एसटीत काढली. त्यातली शेवटची अकरा सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून, म्हणजे खिडकीत बसून "कोल्हापूर कितीला?" याला दिवसातून तीनशे वेळा उत्तर देणारा माणूस. लेक स्टुटगार्टशेजारी एसलिंगेनला असते. २०२५ च्या मेमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो ते २ ऑगस्टला परत आलो.

पहिले आठ दिवस गॅलरीत बसून समोरच्या घराची कौलं मोजली. शनिवार-रविवारी जावई गाडीतून फिरवायचे. एका दिवसात तीन गावं. उतरा, चौकात फोटो काढा, पार्किंगची वेळ संपायच्या आत परत पळा. रात्री ही मला विचारायची, "ते कारंजं कुठल्या गावात होतं हो?" मला सांगता यायचं नाही. नवव्या दिवशी मी जाहीर केलं, की आता आम्ही आमचे जाणार. परत येईपर्यंत माझ्या डायरीत एकोणीस गावं झाली, आणि कारंजं कुठलं ते प्रत्येकाचं सांगता येतं.

पद्धत साधी आहे. सकाळी एक गाडी, दिवसाला एकच गाव. स्टेशनवरून बाजारचौकापर्यंत पायी जायचं. मग एक उंच जागा, एक बाक, आणि उजेड असेपर्यंत परत. तुमच्यासारखे आई-बाप तिकडं पुष्कळ जातात आणि पुष्कळ जण गॅलरीतच बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी पास

डॉइचलांड-टिकीट नावाचा महिन्याचा पास असतो. आमच्या एसटीच्या "आवडेल तेथे प्रवास" योजनेचा थोरला भाऊ समजा. अख्ख्या देशातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, शहर बस आणि थांबत जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना तो चालतो. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. आम्ही होतो तेव्हा माणशी ५८ युरो होता, जानेवारी २०२६ पासून ६३ झाला. पासावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. ज्येष्ठांना सवलत नाही. मी विचारून पाहिलं.

एक खोच आहे. तो पास आपोआप पुढच्या महिन्यात जातो. थांबवायचा असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. मला आठवलं ११ जुलैला. ऑगस्टचे फक्त दोन दिवस आम्ही तिथं होतो आणि दोघांचे मिळून ११६ युरो गेले. आयुष्यभर लोकांना "वेळ बघून या" सांगणाऱ्या माणसाची ही गत. हिनं तो आकडा रुपयांत करून अजून तीन-चारदा ऐकवलाय.

दोन-चार दिवसच फिरणार असाल तर राज्याचं दिवसाचं तिकीट घ्या, बाडेन-व्युर्टेम्बर्गचं किंवा बायर्नचं. पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं आणि माणसं वाढतील तसं माणशी स्वस्त पडतं. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं.

स्टेशनात आत जाताना कुणी अडवत नाही, दार नाही, फाटक नाही. म्हणून तिकीट नको असं समजू नका. साध्या कपड्यातला माणूस मधेच उभा राहतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो. सुटं कागदी तिकीट घेतलंत तर बऱ्याच ठिकाणी चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो. आमच्या वाहकाचा चिमटा तिथं प्रवाशाच्या हातात दिलाय, एवढाच फरक.

स्टेशन वाचायचं कसं

स्टेशनात मोठे छापील कागद काचेत लावलेले असतात. पिवळा म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरा असला तर तो येणाऱ्यांचा. तुम्हाला पिवळाच लागतो. "ग्लाइस" म्हणजे फलाट. एकेका मार्गाची गाडी बहुधा दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. एकदा ते मिनिट डोक्यात बसलं, की मोबाईल न काढता दिवसभर फिरता येतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी त्या पिवळ्या कागदापुढं दहा मिनिटं उभा होतो. असं वेळापत्रक आमच्या डेपोत कुणी करून दिलं असतं तर मी त्याला नारळ दिला असता.

पण वेळापत्रक सुंदर असणं आणि गाडी वेळेवर येणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे एसटीवाल्याला कुणी शिकवायला नको. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि त्यात सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये पाच मिनिटं असली तर ती जोडणी धरू नका. पाटीवर "फेल्ट आउस" दिसलं की गाडी रद्द. "एसईव्ही" दिसलं की रुळांचं काम चालू आहे आणि रेल्वेऐवजी बस सोडलीय. पास तिलाही चालतो. ती बस स्टेशनच्या बाहेर कुठंतरी उभी असते, गर्दी जिकडं चाललीय तिकडं जायचं. एकदा अशा बसमध्ये बसलो तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की उतरताना चालकाला नमस्कार करून आलो.

डब्याचं दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघू नका, बटण दाबा. आणि काही छोट्या मार्गांवर "बेडार्फ्सहाल्ट" असतो, म्हणजे आपला विनंती थांबा. बटण दाबलं नाही तर गाडी सरळ पुढं जाते.

आणखी एक, आणि हे मला महागात पडलं. काही गाड्या मधेच तोडतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. म्युनिकला पुतण्याकडे चार दिवस होतो, तिथून टेगर्नझेच्या तळ्याला निघालो. गाडी होल्त्सकिर्शेनला तुटते आणि शाफ्टलाखला परत तुटते, हे घोषणेत सांगितलं होतं, जर्मनमध्ये. आम्ही लेंगग्रीसला पोचलो. तळं नाही, पण डोंगर होता, इझार नदी होती आणि स्टेशनाजवळ बेकरी होती. दिवस वाईट गेला नाही. तरी चढण्याआधी डब्याच्या बाजूवरची पाटी वाचा, गाडीच्या तोंडावरची नव्हे.

स्टेशन ते चौक

आता मुद्द्याचं. स्टेशनबाहेर आलात की बसमध्ये चढू नका. "त्सेंट्रुम" (गावाचा मध्य) किंवा "आल्टश्टाट" (जुनं गाव) लिहिलेली पाटी शोधा आणि चालायला लागा. बहुतेक गावांत बाजारचौक, म्हणजे मार्क्टप्लाट्स, दहा-पंधरा मिनिटांवर असतो. जावई म्हणायचे, "बाबा, त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही." माझ्या मते बघण्यासारखं तिथंच जास्त असतं.

कारण त्या रस्त्यावर गावाचं वय कळतं. सरळसोट, बिननक्षीच्या, एकसारख्या खिडक्यांच्या चारमजली इमारती लागल्या, की समजायचं इथं दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि १९५० च्या सुमारास घाईघाईनं पुन्हा बांधलं. वाकडीतिकडी, बाहेरून लाकडी वाशांच्या चौकटी दिसणारी घरं लगेच सुरू झाली तर गाव वाचलं. एसलिंगेन वाचलं. तिथं हाफेनमार्क्टला १३२८ ते १३३१ मधल्या अशा घरांची सलग रांग उभी आहे, आणि त्यांत माणसं राहतात. ट्युबिंगेनही वाचलं, एसलिंगेनहून तासाभराच्या आत पोचता येतं. तिथं नेकार नदीच्या पुलावर उभं राहिलं की रंगीत घरांची ओळ आणि लांब बांबूसारख्या काठीनं ढकलत नेलेल्या होड्या दिसतात.

उल्म वाचलं नाही. तरी एकाच गावाला जायचं असेल तर मी उल्म सांगेन.

तिथं जाताना आयसीई घेऊ नका. ती नव्या मार्गानं बोगद्यांतून जाते, काही दिसत नाही. थांबत जाणारी पिवळी गाडी गाइसलिंगेनचा जुना घाट चढते. हा घाट १८५० मध्ये सुरू झाला, आपला बोरघाट त्यानंतर तेरा वर्षांनी. चढ बोरघाटापेक्षा थोडा सौम्य, पण गाडी झाडीतून वळत चढायला लागली की हिनं आपोआप पिशवीतून चिक्की काढली. खंडाळ्याची सवय.

उल्म स्टेशनवरून चालायला लागलात की आधी दुकानांचा नवा रस्ता लागतो, सगळा युद्धानंतरचा. आइन्स्टाइन १८७९ मध्ये स्टेशनाजवळच जन्मले, ते घरही बॉम्बहल्ल्यात गेलं. आता तिथं फक्त स्मारक आहे. आणि मग रस्ता संपतो आणि समोर म्युन्स्टर, म्हणजे मोठं चर्च. १३७७ मध्ये पाया घातला आणि मनोरा पुरा झाला १८९० मध्ये. १६१.५३ मीटर. मी खाली उभा होतो तेव्हा ते जगातलं सर्वांत उंच चर्च होतं. आम्ही घरी आलो आणि ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं त्याला मागं टाकलं. मला उगीच वाईट वाटलं.

वरपर्यंत एकूण ७६८ पायऱ्या आहेत, गोल गोल, अरुंद. मी पहिल्या सज्जावर थांबलो. गुडघे दुखत असतील तर खाली बसूनही उल्म कळतं, कारण खाली चिमणी आहे. गोष्ट अशी सांगतात, की चर्चसाठी लांब तुळई आणत होते, गाडीवर आडवी ठेवलेली. वेशीतून जाईना. गावकरी वेस पाडायला निघाले. तेवढ्यात एकाला घरट्यासाठी काडी नेणारी चिमणी दिसली. तिनं काडी उभी धरली आणि फटीतून आत गेली. मग यांनी तुळई फिरवली. चर्चच्या छपरावर ती चिमणी बसवलीय आणि गावभर तिचे रंगीत पुतळे आहेत. स्वतःच्या मूर्खपणाचा पुतळा छपरावर बसवणारं गाव मला आवडतं. तिथून उतरून फिशरफिअर्टेल या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत जा, पाण्यावर झुकलेली घरं बघा आणि डॅन्यूबच्या काठी बसा. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्यात आहे, नॉय-उल्म.

चालताना मधूनमधून पायाखालीही बघा. फुटपाथच्या दगडांत दहा बाय दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन दिसेल. याला श्टॉल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागायचा दगड. "हिअर वोन्टे", इथं राहत होते, आणि मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं मारलं. नाझींनी ज्यांना घरातून उचललं त्यांच्या दारासमोर हे बसवतात. गुंटर डेमनिग या कलाकारानं १९९२ मध्ये कोलोनमध्ये सुरुवात केली, २०२३ च्या मेमध्ये न्यूर्नबेर्गला एक लाखावा बसवला. एसलिंगेनला एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसून असा चौकोन फडक्यानं घासताना दिसली. आपण देवाची भांडी घासतो तशी. आम्ही थोडा वेळ थांबलो. तिनं वर बघितलं, मान हलवली आणि पुन्हा घासायला लागली.

पोट आणि दुसरी निकड

लाज सोडून लिहितो, कारण आमच्या वयात फिरण्याचा अर्धा बेत यावर ठरतो. मोठ्या स्टेशनांवर शौचालयाला युरोभर पडतो, यंत्रात नाणं टाकल्याशिवाय दार फिरत नाही. म्हणून खिशात कायम नाणी. पण पुष्कळ गावांत "नेटे टॉयलेट्टे" नावाची सोय आहे. आलेन या गावात ती सुरू झाली. ज्या हॉटेलच्या किंवा दुकानाच्या दारावर हा स्टिकर, तिथं काही विकत न घेता, फुकट आत जाता येतं. शिवाय दर दुपारी एकदा कुठंतरी बसून कॉफी घ्यायचीच. कॉफीबरोबर तेही काम होतं.

सार्वजनिक कारंज्यावर "ट्रिंकवासर" लिहिलेलं असेल तर पाणी प्या, "काइन ट्रिंकवासर" असेल तर नको. विकतच्या पाण्याच्या बाटलीत बहुधा २५ सेंट अनामत असते. फेकू नका, कुठल्याही सुपरमार्केटातल्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात. सोड्याचं पाणी नको असेल तर "ष्टिल" बघून घ्या. पहिल्या दिवशी हिनं सोड्याच्या पाण्यानं औषध घेतलं होतं.

शाकाहारी माणसानं माउलटाशेनपासून जपून. दिसायला मोठी चौकोनी करंजी, आत पालक दिसतो, पण सोबत मांस असतं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून ते पिठात लपवलं, असं तिथलेच लोक हसत सांगतात. "गेम्युजे-माउलटाशेन" मागितलं तर भाज्यांचं मिळतं. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातल्या घरगुती शेवया, यात अंडं असतं, ते चालत असेल तर बिनधास्त. मसुराची आमटी आणि शेवया असंही एक ताट असतं. त्यातलं सॉसेज नको म्हणता येतं, पण आमटीत डुकराचे तुकडे असू शकतात, म्हणून "ओने श्पेक" म्हणा. बटाट्याच्या सॅलडमध्येही मांसाचं पाणी घालतात, हे मला खाऊन झाल्यावर कळलं. मला चालतं, हिला नाही. हिनं त्या दिवसानंतर बटर लावलेल्या ब्रेत्झेल नावाच्या खारट पावावर आणि घरून नेलेल्या दशमीवर जर्मनी बघितली. बाकावर डबा उघडायला कुणाची हरकत नसते.

छोट्या ठिकाणी "नुअर बार" लिहिलेलं असलं तर फक्त रोख. कुणी बसलेल्या टेबलावर जागा रिकामी असेल तर "इस्ट हिअर नॉख फ्राय?" विचारून बसता येतं. फक्त "श्टामटिश" पाटी असलेल्या टेबलाला हात लावू नका. ते गावातल्या नेहमीच्या मंडळींचं.

रविवार

रविवारी दुकानं बंद, अगदी सगळी. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात आणि बेकऱ्या सकाळचे थोडे तास. म्हणून शनिवारी दूध-ब्रेड घ्या आणि रविवारी खरेदीचा विचार असलेल्या माणसाला घरी ठेवा. गाव मात्र रविवारी सकाळी सगळ्यांत छान दिसतं. रस्ते रिकामे, चर्चच्या घंटा, आणि म्हातारे जोडीनं चालायला निघालेले. म्युनिकला पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात, आम्ही होतो तेव्हा, रविवारी १ युरोत आत सोडत होते. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, तेव्हा सोमवार डोंगराला किंवा नदीला द्यावा. सप्टेंबरचा दुसरा रविवार सापडला तर घरी बसूच नका. त्या दिवशी एरवी कुलूपबंद असलेल्या कितीतरी जुन्या वास्तू लोकांना उघड्या असतात.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघा. आपली मान सवयीनं उजवीकडं जाते. सिग्नलचा माणूस लाल असेल तर रस्ता मोकळा असला तरी थांबा, विशेषतः शेजारी लहान मूल असेल तर. मी एकदा ओलांडला तेव्हा एका आजोबांनी मागून जे काही सुनावलं, त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि सगळं समजलं.

एक लांबची फेरी

धाकटी बहीण पुण्यात औंधला राहते, ब्रेमेन चौकाजवळ. पुणे आणि ब्रेमेनचं जुनं मैत्र आहे, त्यावरून चौकाचं नाव. तिनं बजावलं होतं, ब्रेमेन बघितल्याशिवाय आलास तर दारात घेणार नाही. एवढ्या लांब पासावर जाणं शहाणपणाचं नाही, दिवस गाडीतच जातो. जावयांनी महिनाभर आधी आयसीईचं स्वस्त तिकीट काढलं. अशा तिकिटावर ठरलेल्याच गाडीनं जावं लागतं. पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी धरता येते. तासभर उशीर झाला तर पाव, दोन तास झाला तर निम्मे पैसे मागता येतात. आमची गाडी चाळीस मिनिटं रखडली, हॅनोव्हरची जोडणी गेली, पुढची धरली. मी शांत होतो. आजूबाजूचे जर्मन मात्र आमच्या सांगली स्टँडवरच्या प्रवाशांसारखे बोलत होते.

तिथंही चालतच चौकात गेलो. रोलांड या वीराचा १४०४ मधला दगडी पुतळा, शेजारी राटहाउस, म्हणजे नगरपालिका, आणि कोपऱ्यात गाढवावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा असा पुतळा. ते चौघं म्हणजे ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले ब्रेमेनचे गावगायक. गाढवाचे पुढचे पाय लोकांनी घासून सोन्यासारखे पिवळे केलेत. पाय दोन्ही हातांनी धरायचे. एका हातानं धरलात तर गाढवानं गाढवाला हात दिला असं गावकरी म्हणतात. मी हे आधी वाचून गेलो होतो.

त्याच चौकात जमिनीत गटाराच्या झाकणासारखं एक झाकण आहे. त्याच्या फटीत नाणं टाकलं की खालून त्या चौघांपैकी एकाचा आवाज येतो. मी ५० सेंट टाकले, कोंबडा आरवला. बहिणीला पाठवायला मोबाईलवर घेतला. मग हिनं नाणं टाकलं. गाढव ओरडलं. हिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे पाठवा तिला."